तुवालूला जाताना कागद कुठे अडतो : एका प्रवासाच्या तयारीचं प्रकरण

भारतीय पासपोर्टवर प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशाला जायला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, तिथे उतरल्यावर मिळतो. इंटरनेटवर हे वाक्य कुठेही सापडतं आणि ते खोटं नाही. साताऱ्यातल्या आमच्या लहानशा ट्रॅव्हल ऑफिसात बाई हे वाक्य कागदावर छापून घेऊनच आल्या. "व्हिसाची भानगड नाही, म्हणजे तुझं काम फक्त तिकिटांचं," हे त्यांनी जिना चढतानाच ठरवून टाकलं होतं. त्यांनी मला आठवी ते दहावी भूगोल शिकवलेला, त्यामुळे लगेच नाही म्हणायची सोय नव्हती.

पण गोम तिथेच आहे. आगाऊ व्हिसा मिळणाऱ्या देशाचा निदान एक कागद हातात असतो, जो दाखवून वाटेतला प्रत्येक अडसर ओलांडता येतो. उतरल्यावर व्हिसा देणाऱ्या देशाचा घरून निघताना काहीच पुरावा हातात नसतो. आणि तुवालूला जाणारा माणूस वाटेत निदान दोन देशांच्या आणि तीन-चार काउंटरांच्या समोर उभा राहतो. त्यातला प्रत्येक जण विचारतो, पुढच्या देशात तुम्हाला घेणार कशावरून? बाईंच्या प्रकरणातली जवळपास सगळी मेहनत या एका प्रश्नाचं उत्तर कागदावर तयार करण्यात गेली. त्यांच्या परवानगीने हे लिहितोय. नावं त्यांच्याच सांगण्यावरून गाळली आहेत.

आधी माणसं सांगतो. बाई निवृत्त, वय सदुसष्ट, रक्तदाबाची गोळी चालू, गळ्यात माळ. सोबत भाचा, चाळिशीचा, राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी. तुवालूच का, तर त्याचं कारण त्यांच्या अध्यापनात आहे. प्रवाळद्वीपं कशी तयार होतात याचा डार्विनने मांडलेला सिद्धांत तपासायला लंडनच्या रॉयल सोसायटीने 1896 ते 1898 या काळात तुवालूतल्या फुनाफुटी बेटावर मोहिमा पाठवून विंधणी केली होती. ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचतो, त्याच्या कडेने प्रवाळ वर वर वाढत राहतं, शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि वर नुसतं कंकण उरतं, असं डार्विनचं म्हणणं. फुनाफुटीला 1,114 फूट खोल गेले तरी प्रवाळाचा चुनखडकच लागत राहिला, खालचा ज्वालामुखी काही लागला नाही. तो पुरावा पुढे 1952 साली मार्शल बेटांमधल्या एनिवेटोकला मिळाला, बाराशे-चौदाशे मीटर खोलीवर. हे सगळं बाई फळ्यावर आकृती काढून शिकवायच्या. ती विंधणीची जागा फुनाफुटीत आजही दाखवतात. तिथे उभं राहायचं, एवढाच हेतू. पर्यटन वगैरे शब्द त्यांनी वापरला नाही.

कधी जायचं यावर मात्र आमची जुंपली. दक्षिण गोलार्धात नोव्हेंबर ते एप्रिल हा चक्रीवादळांचा काळ, म्हणून मी जून ते सप्टेंबर सुचवला. बाईंना फेब्रुवारीची अखेर हवी होती. त्या सुमाराला तिथे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या येतात आणि समुद्राचं पाणी किनाऱ्यावरून नव्हे, तर सच्छिद्र प्रवाळाच्या जमिनीतून बुडबुडत वर येतं. "ते बघायचंय तर कोरड्यात जाऊन काय करू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. फेब्रुवारी ठरला. मात्र त्याची किंमत म्हणून परतीच्या वाटेवर फिजीत मोकळे दिवस ठेवायचे, ही अट मी घातली आणि त्यांनी ती कुरकुरत मान्य केली.

रस्ता कुठून?

तुवालू म्हणजे नऊ बेटं, एकूण जमीन 26 चौरस किलोमीटर, लोकवस्ती अकरा हजारांच्या आसपास. 1978 साली स्वतंत्र झालेला देश. विमानतळ एकच, राजधानी फुनाफुटीचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधलेली धावपट्टी आजही तीच वापरात आहे. नियमित विमान मुख्यतः फिजीहून, बहुतेक फिजीची राजधानी सुवा, तिच्याजवळच्या नाऊसोरी विमानतळावरून, आठवड्यातून मोजके दिवस, तेही पंख्याचं लहान विमान. मुंबईहून थेट विचार सुरू केला की माणूस हमखास फसतो, कारण मुंबई-फिजीचे दहा पर्याय दिसतात आणि फिजी-फुनाफुटीचा वारच जुळत नाही. म्हणून आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. आधी फुनाफुटीच्या जागा पाहिल्या, त्यांचे वार पक्के केले आणि मग त्याला धरून मागे मागे येत मुंबई गाठली.

फिजीचा प्रश्न सोपा आहे. भारतीयांना तिथे चार महिन्यांपर्यंत व्हिसा लागत नाही. पासपोर्टची पुरेशी मुदत, परतीचं तिकीट आणि खर्चाची सोय दाखवली की झालं. बाई फिजीत दोनदा शिरणार होत्या, जाताना आणि येताना. दोन्ही वेळा नव्याने प्रवेश घ्यायचा, म्हणजे दोन्ही वेळा घरी जायचं तिकीट हातात हवं, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

अडचण होती मुंबई ते फिजी या टप्प्यात. भाच्याने एका तिकिटांच्या संकेतस्थळावर सिडनीमार्गे स्वस्तातला पर्याय हुडकला होता. दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं, मध्ये सिडनीत रात्रभर थांबा. दोघांचे मिळून बरेच पैसे वाचत होते आणि बँकेतल्या माणसाला ते सोडवेना.

"सामान कोण उचलणार?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"दोन वेगळी तिकिटं म्हणजे बॅगा सिडनीत बाहेर येणार. त्या घ्यायला ऑस्ट्रेलियात शिरावं लागणार. भारतीयांना तिथे नुसतं विमान बदलायलासुद्धा ट्रान्झिट व्हिसा लागतो."

त्याने फोनवर शोधलं. तो व्हिसा फुकट असतो, अर्ज ऑनलाइन होतो, 72 तासांपर्यंत थांबता येतं. "मग अडलंय कुठे?" असं त्याचं म्हणणं. फुकट आहे हे बरोबर. पण त्या अर्जात पुढच्या देशात प्रवेश मिळणार याचा आधार द्यावा लागतो, आणि आपल्या पुढच्या दोन्ही देशांचा व्हिसा कागदावर नाही. तिकिटं दाखवून, नियम दाखवून तेही जमलं असतं. पण सिडनी विमानतळावर रात्री अकरा ते पहाटे सहा उड्डाणबंदी असते, आणि सदुसष्ट वर्षांच्या बाईला त्या वेळात हॉटेल शोधायला लावायचं, तेही दोन्ही बाजूंना. वाचलेले पैसे तिथेच खर्ची पडले असते. ऑकलंडमार्गेही भारतीयांना ट्रान्झिट व्हिसा लागतो, त्यामुळे तो रस्ता मी उघडलाच नाही.

उरले हाँगकाँग आणि सिंगापूर. दोन्हीकडून फिजीतल्या नाडीला थेट विमान आहे. एकाच तिकिटावर, सामान मुंबईहून थेट नाडीपर्यंत लावलेलं असेल आणि प्रवासी विमानतळाच्या आतच राहणार असेल, तर भारतीयांना दोन्हीकडे विमान बदलायला काही लागत नाही. बाहेर पडायचं म्हटलं की हाँगकाँगला आगाऊ ऑनलाइन नोंदणी आणि सिंगापूरला व्हिसा. वेळा सिंगापूरच्या जुळत होत्या, म्हणून तेच ठरलं. लगेच भाच्याने नवा फाटा काढला. सिंगापुरात त्याचा मित्र आहे, येताना एक दिवस उतरू. भाच्याच्या पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा होता. तसा अमेरिकेचा, ब्रिटनचा, जपानचा किंवा अशा आणखी काही देशांचा व्हिसा असलेल्या भारतीयाला सिंगापूर पुढे जाताना 96 तासांपर्यंत व्हिसाशिवाय बाहेर पडू देतं, अर्थात तिथल्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर. बाईंकडे असा कुठलाच व्हिसा नव्हता. म्हणजे भाचा शहरात हिंडणार आणि मावशी विमानतळावरच्या खुर्चीवर! "मी बसेन की," असं बाई म्हणाल्या, आणि भाच्याने निमूटपणे तो विषय मिटवला.

सिंगापूरमार्गे मुंबई-नाडी हे जाण्यायेण्याचं एक तिकीट आणि नाऊसोरी-फुनाफुटी हे दुसरं. या दोन तिकिटांच्या मध्ये फिजी देश उभा. नाडी फिजीच्या मुख्य बेटाच्या पश्चिम टोकाला, सुवा त्याच बेटाच्या आग्नेयेला, रस्त्याने चारेक तास. जाताना तो प्रवास दिवसा करायचा आणि सुवात मुक्काम ठेवायचा. येताना फुनाफुटीहून निघाल्यावर नाडीचं विमान लगेच नको, मध्ये मोकळे दिवस. दोन तिकिटं एकमेकांना ओळखत नाहीत. पहिलं विमान चुकलं तर दुसरी कंपनी जबाबदार नाही, आणि फुनाफुटीचं पुढचं विमान उद्या असेलच असंही नाही.

पासपोर्ट आणि नाव

बाईंचा पासपोर्ट उघडला आणि काम वाढलं. मुदत जुलैपर्यंत होती. फेब्रुवारी-मार्चचा प्रवास, म्हणजे परतताना सहा महिनेही शिल्लक राहत नव्हते. नूतनीकरण अटळ होतं. त्याहून नाजूक गोष्ट म्हणजे आडनावाचा रकाना कोरा होता. स्वतःचं नाव, यजमानांचं नाव आणि आडनाव, तिन्ही मिळून एकाच रकान्यात. आपल्याकडे जुन्या पासपोर्टांत हे सर्रास दिसतं. घरात कुणाला ते खटकत नाही, कारण मराठी माणूस पूर्ण नाव असंच सांगतो. पण तिकिटाच्या यंत्रणेला आडनाव लागतंच. मग कुणी पहिलं नाव दोनदा टाकतं, कुणी शेवटचा शब्द आडनाव म्हणून तोडून टाकतं आणि तिकीट व पासपोर्ट यांचं नाव जुळेनासं होतं. एका देशाचा प्रवास असेल तर काउंटरवरचा माणूस बघून सोडून देतो. इथे दोन तिकिटं, विमा, हॉटेलचं पत्र आणि प्रवेशाचे तीन शिक्के होते. प्रत्येक ठिकाणी नाव वेगळं निघालं असतं तर समजावता समजावता बाईंचा घसा बसला असता. म्हणून नूतनीकरणाच्या अर्जातच आडनाव वेगळं करून घेतलं. नवा पासपोर्ट हातात येईपर्यंत एकही तिकीट काढलं नाही. भाचा रोज भाडं वाढतंय म्हणून फोन करायचा. वाढू दे.

भाच्याला त्याच्या बँकेकडून परदेश प्रवासाची परवानगी घ्यायची होती. ते पत्र त्याने इंग्रजीत मागून घेतलं आणि फाइलला लावलं. परत येणारा माणूस आहे, याचा तो चांगला पुरावा ठरतो. बाईंसाठी निवृत्तिवेतनाचा आदेश आणि बँकेचं पासबुक.

आता तुवालूचा न मिळणारा कागद. तिथल्या इमिग्रेशन खात्याला मेल टाकली : दोन भारतीय नागरिक, अमुक तारखेला येणार, अमुक तारखेला जाणार, उतरल्यावर व्हिसा मिळेल ना? उत्तर दोन ओळींचं होतं : पासपोर्टची मुदत, परतीचं तिकीट आणि राहण्याची सोय असू द्या, व्हिसा इथे देऊ. या दोन ओळी मला दहा पानी नियमावलीपेक्षा मोलाच्या वाटल्या. त्यावर खात्याचा पत्ता होता, तारीख होती, अधिकाऱ्याचं पद होतं. फाइलमध्ये पहिला कागद तोच. दुसरा, फुनाफुटीतल्या मुक्कामाचं पत्र. तिथे राहायच्या जागा मोजक्याच, आणि सरकारी बैठका किंवा परदेशी पाहुणे असले की त्या भरतात. बुकिंग मेलवरच होतं आणि चिकाटीने पुन्हा पुन्हा विचारावं लागतं. दोघांचीही नावं पासपोर्टाप्रमाणे लिहून मागून घेतली. तिसरा कागद फुनाफुटीहून परतीच्या तिकिटाचा, चौथा नाडीहून मुंबईच्या तिकिटाचा. सगळं छापील, प्रत्येकाचा वेगळा संच. फोनमध्ये ठेवतो, असं भाचा म्हणाला. फोन चार्ज असेल, नेट असेल, हे त्या भागात गृहीत धरू नये.

पैसे, विमा, डबा

तुवालूत ऑस्ट्रेलियन डॉलर चालतो. जोडीला त्यांची स्वतःची नाणी आहेत. एप्रिल 2025 पर्यंत तिथे एकही एटीएम नव्हतं. त्या महिन्यात पहिली यंत्रं बसली तेव्हा पंतप्रधान उद्घाटनाला हजर होते. तरीही आपलं कार्ड तिथे चालेल या भरवशावर जायचं नाही, हा माझा हट्ट. हॉटेल, जेवण, नावेचं भाडं, सगळं रोखीत धरलं. एका प्रवासाला माणशी तीन हजार अमेरिकी डॉलरांच्या किमतीपर्यंतच परकीय नोटा नेता येतात. आपली गरज त्याहून बरीच कमी होती. पण ऑस्ट्रेलियन डॉलरच्या लहान नोटा आपल्याकडे चटकन मिळत नाहीत. परकीय चलनवाल्याला आधी सांगून पाच, दहा, वीसच्या मागवल्या. पन्नास-शंभरची नोट घेऊन टपरीवर नारळपाणी मागणाऱ्याला सुट्टे कोण देणार? फिजीचे डॉलर वेगळे, ते नाडीला उतरल्यावर काढायचे.

विम्यात वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला. विमा कंपनीच्या अर्जात देश निवडायच्या यादीत तुवालूच नव्हतं. एजंट म्हणाला, "फिजी टाका, चालतंय." फिजी टाकून तुवालूत पाय मोडला तर काय चालतंय, ते दाव्याच्या वेळीच कळतं. फुनाफुटीत एकच रुग्णालय आहे. गंभीर रुग्णाला फिजीला किंवा त्याहून पुढे हलवावं लागतं, तेही विमानाने. त्यामुळे उपचारापेक्षा हलवण्याचा खर्च पॉलिसीत आहे की नाही हे बघायचं होतं, आणि साठीपुढच्या माणसाला त्यावर काय मर्यादा आहे तेही. कंपनीकडून मेलवर लिहून घेतलं की अमेरिका-कॅनडा वगळून जगभर या योजनेत तुवालू येतं. बाईंचा रक्तदाब अर्जात स्पष्ट लिहिला. तो लपवला तर हप्ता थोडा कमी होतो, पण पुढे दावा फेटाळायला कंपनीला कारण मिळतं. गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह, लागतील त्याच्या दुप्पट, आणि निम्म्या भाच्याच्या हातबॅगेत.

जेवणाचं काय, हा बाईंचा पहिला आणि माझा शेवटचा प्रश्न. प्रवाळाच्या जमिनीत भाजीपाला फारसा पिकत नाही. पुलाका नावाचा अळूच्या जातीचा कंद खड्डे खणून वाढवतात, पण खारं पाणी झिरपल्याने तोही अवघड झालाय. नारळ, निरफणस, मासे. तांदूळ आणि डबाबंद वस्तू बोटीने येतात. तैवानच्या मदतीने चालणारी एक भाजीची बाग फुनाफुटीत आहे, तिथल्या काकड्या-पालेभाजी मिळाली तर नशीब. पिण्याचं पाणी म्हणजे छपरावरचं पावसाचं, टाक्यांत साठवलेलं. 2011 साली पाऊस ओढल्यावर तिथे पाणीटंचाईमुळे आणीबाणी जाहीर करावी लागली होती. माळकरी बाईंनी मग पिशवी भरायला घेतली : मेतकूट, भाजणी, भाजके पोहे, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं, घरचं तूप आणि धणे-जिऱ्याची पुडी.

यातलं निम्मं मी काढायला लावलं. फिजीत शिरताना खाण्याच्या वस्तूंची तपासणी कडक असते. बिया, दूध-तुपाचे पदार्थ, मध यांवर नजर असते. बिनलेबलच्या घरगुती पुड्या म्हणजे अधिकाऱ्याला डोकेदुखी. दुकानातली बंद पाकिटं, वर इंग्रजीत घटक लिहिलेले, एवढंच ठेवलं. तूप आणि धणे घरी राहिले. आणि अर्जात "खाद्यपदार्थ आहेत" यावर खूण करायची, हे तीनतीनदा बजावलं. खूण करून दाखवलेली वस्तू फार तर टाकून देतात. न दाखवता सापडली तर दंड.

प्रत्यक्ष

मुंबईच्या काउंटरवर जे झालं ते भाच्याने सांगितलं, बाईंनी दुजोरा दिला. काउंटरवरची मुलगी पासपोर्ट घेऊन संगणकात बघत होती. कुठल्या पासपोर्टाला कुठे काय लागतं, हे त्यांच्या यंत्रणेत दिसतं. प्रवाशाला पुढच्या देशाने परत पाठवलं तर त्याला आणायची जबाबदारी आणि अनेक देशांत वरून दंडही विमान कंपनीवर येतो, म्हणून ती माणसं तिथल्या अधिकाऱ्यापेक्षा कडक वागतात. तिच्यापुढे प्रवास होता मुंबई-नाडी आणि परत. फिजीला व्हिसा नको, परतीचं तिकीट समोर, काम संपलंच होतं. तेवढ्यात भाच्याने हौसेने सांगितलं, "आम्ही पुढे तुवालूला जाणार आहोत."

मुलीचे हात थांबले. "व्हिसा?"

"लागत नाही."

"कुठे लिहिलंय?"

पर्यवेक्षक आले. फाइल उघडली. इमिग्रेशनच्या मेलचा कागद, हॉटेलचं पत्र, फुनाफुटीचं जाण्यायेण्याचं तिकीट. पर्यवेक्षकांनी सगळं निवांत वाचलं, बाईंना "मॅडम, तिथे करायचं काय?" असं विचारलं, आणि बाईंनी काउंटरवरच डार्विन सुरू केला. मागची रांग चुळबुळायला लागली. बोर्डिंग पास मिळाले. आपण होऊन माहिती वाटत बसायचं नाही, विचारलं तर खरं सांगायचं, हे मी भाच्याला आधी सांगितलं होतं. पण माणूस उत्साहात बोलून जातो. फाइल होती म्हणून निभावलं.

नाडीला मेतकुटाचं पाकीट एका अधिकाऱ्याने उलटसुलट करून वास घेऊन बघितलं आणि परत दिलं. लोणचं ठेवून घेतलं.

तुवालूच्या कागदांची खरी तपासणी झाली नाऊसोरीच्या काउंटरवर. तिथून निघणारा प्रवासी फुनाफुटीत शिरू शकणार का, हे तिथेच ठरतं. काउंटरवरची बाई भारतीय वंशाची. गिरमिटाच्या करारावर 1879 पासून नेलेल्या मजुरांची पाचवी-सहावी पिढी असावी, असा बाईंचा अंदाज. तिची हिंदी भोजपुरी वळणाची, बाईंची साताऱ्याची. दोघींचं छान जमलं, तरी तिने कागद एकेक करून तपासलेच. परतीच्या तिकिटाच्या तारखेखाली तिने पेनाने रेघ ओढली. लहान विमान, त्यामुळे वजन काटेकोर. भाच्याची एक बॅग हलकी करून सुवाच्या लॉजवर ठेवली होती, ते बरं झालं.

फुनाफुटीत विमान उतरण्याआधी भोंगा होतो, कारण एरवी धावपट्टीवर लोक गाड्या चालवतात, मुलं खेळतात. उतरल्यावर अधिकाऱ्याने परतीचं तिकीट मागितलं, कुठे राहणार ते विचारलं आणि शिक्का मारला. ज्या व्हिसासाठी एवढी फाइल केली, तो एवढ्यातच मिळाला.

विंधणीची जागा बाईंनी पाहिली, फोटोही काढले. मोठ्या भरतीच्या दिवशी धावपट्टीच्या बाजूच्या सखल भागात पाणी जमिनीतून वर येताना त्यांना दिसलं. घरांमधल्या पायवाटेवर आधी ओल आली, मग लहान लहान झरे, मग घोट्याएवढं खारं पाणी. एका घरातल्या बाईने चपला उचलून कठड्यावर ठेवल्या आणि कपडे वाळत घालायचं काम पुढे चालू ठेवलं, हे बाई अजून सांगतात. युद्धकाळात धावपट्टीसाठी माती काढून केलेले खड्डे कित्येक दशकं तसेच पडले होते, त्यात पाणी साचायचं. न्यूझीलंडच्या मदतीने ते पुढे बुजवले, तेही त्यांनी हिंडून पाहिलं. रविवारी सगळं बंद, लोक चर्चमध्ये. ते आधी माहीत असल्याने शनिवारीच पाव आणि पाणी घेऊन ठेवलं होतं. कपड्यांचा प्रश्न आला नाही. तिथे अंग झाकणारा पेहराव बरा समजतात, आणि बाई सुती साडीत होत्या.

परतीचं विमान हवामानामुळे निघालं नाही. कमी दाबाचा पट्टा, जोराचा पाऊस, विमान फिजीहून आलंच नाही. ते दुसऱ्या दिवशी आलं. फिजीत ठेवलेल्या मोकळ्या दिवसांतला एक गेला, सुवाचं संग्रहालय घाईत बघावं लागलं, पण नाडी-सिंगापूरचं विमान शाबूत राहिलं. मोकळे दिवस ठेवल्यामुळे एक अख्खं तिकीट वाचलं, हे भाच्याने त्याच्या बँकेतल्या हिशेबी भाषेत मला फोनवर कबूल केलं.

विलंबाचा दावा करायचा तर विलंब झाल्याचं आणि का झाला याचं पत्र विमान कंपनीकडून तिथल्या तिथे घ्यायचं असतं. घरी आल्यावर ते मिळवणं मुश्किल. भाच्याने ते फुनाफुटीच्या काउंटरवरच सहीशिक्क्यानिशी मागून घेतलं. जादा रात्रीच्या मुक्कामाची हाती लिहिलेली पावतीही. विमा कंपनीने पहिल्यांदा कागद परत पाठवले. पासपोर्टवरचा तुवालूतून निघाल्याचा शिक्का पुसट आहे, तारीख वाचता येत नाही, म्हणून. बाईंनी बोर्डिंग पासचे तुकडे जपून ठेवले होते. ते जोडल्यावर ठरावीक तास वजा करून उरलेल्या विलंबाचे पैसे मिळाले. मुक्कामाच्या खर्चाच्या निम्म्याहून थोडे जास्त भरले. उरलेल्यासाठी पुन्हा पत्र लिहायचं का, यावर मावशी-भाच्यात एकमत नाही. बाई म्हणतात लिही.